सांदवाडीतला इस्तो

वनखात्याच्या पंचांगात सहा ऋतू नसतात. तिथे दोनच: आगीचा आणि बाकीचा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला लागतो आणि १५ जूनला संपतो. मृगाला त्याची कल्पना असो वा नसो, कागदावर संपतो. त्याआधी जाळरेषा आखून त्यांवरचा पालापाचोळा खात्यानेच जाळून टाकायचा असतो. म्हणजे १४ तारखेपर्यंत जंगलात काडी ओढतो तो कर्मचारी आणि १५ पासून ओढेल तो आरोपी. २०२६ सालची महाशिवरात्र नेमकी त्या १५ तारखेला आली. तिसरा डोळा उघडणाऱ्या देवाची यात्रा आणि वणवा प्रतिबंधक हंगाम, दोहोंचा मुहूर्त एकच निघाला. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला या दिवशी मोठी यात्रा भरते. तिथल्या महादेवाला कोणी नोटीस बजावल्याचं अजून ऐकिवात नाही.

माणसांना ही सवलत नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याचं कलम २६ सांगतं की राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहेच, शिवाय वनअधिकाऱ्याने मोकळीक दिलेला हंगाम सोडून एरवी तिथे विस्तव पेटवणं, ठेवणं आणि नेणं हासुद्धा गुन्हा. तीन क्रियापदं लिहून साहेबाने एकही फट ठेवली नाही. यातलं तिसरं क्रियापद फार खोल आहे. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत विस्तवाला इस्तो म्हणतात, आणि शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर इस्तो मागून आणणं हा आगपेटी महाग होती त्या काळचा रोजचा व्यवहार. दोन टोल्यांच्या, म्हणजे वस्त्यांच्या, मधे राखीव जंगलाची पट्टी असली, की सकाळचा चहा टाकण्याआधीच त्या माउलीने कलम २६ मोडलेलं असायचं. विडीचं तर विचारूच नका. तिचं पान याच जंगलातून येतं, सरकारला त्याचा महसूलही मिळतो. पान बाहेर नेलं तर व्यापार, तेच पेटवून आत आणलं तर गुन्हा.

याच कायद्याचं कलम ७९ आणखी गमतीचं. ज्याला जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा काही हक्क आहे, त्याने वणवा लागल्यावर विझवायला मदत केलीच पाहिजे, असं ते बजावतं. थोडक्यात, विझवणं सक्तीचं आणि पेटवणं मना. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारलं तर ती सांगेल, की घरात मात्र नेमकं याच्या उलट चालतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जंगल कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, हे नकाशाला माहीत असतं, पायांना नसतं. गडचिरोलीचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली आहे. त्यामुळे पुढचा संवाद काल्पनिक असला तरी अशक्य नाही.

"बाबाजी, इस्तो काहून पेटवला?"

"रोडगे हायेत सायेब."

"जंगलात रोडगे?"

"जंगलात नाही जी. जंगलच आमच्यात येऊन बसलं हाये."

रोडगे ज्याने खाल्ले नाहीत त्याला या प्रश्नाचं गांभीर्य कळणार नाही. एकनाथांच्या भारुडात भवानीआईला कबूल केलेला रोडगा तो हाच; पुण्या-मुंबईचे लोक त्याचं नाव गातात आणि विदर्भातले लोक तो खातात. जाडसर गव्हाची कणीक मोहन घालून घट्ट मळायची. पुऱ्या लाटून, तूप लावून एकात एक गुंडाळायच्या आणि मुठीएवढे गोळे करायचे. मग शेतात आंब्याखाली गोवऱ्यांची रास पेटवायची, आणि इथे खरा स्वयंपाक सुरू होतो, कारण आता काहीच करायचं नसतं. ज्वाळा असेतो गोळा टाकला तर बाहेरून कोळसा, आतून पीठ. धूर निघून जाऊ द्यायचा, लाल आर पडू द्यायची. हे ठरवायला प्रत्येक घोळक्यात एक म्हातारा असतो. तो एरवी गावात कोणी विचारत नाही असा असतो, पण आरेपाशी त्याचा शब्द जिल्हाधिकाऱ्यासारखा चालतो. तो "टाका" म्हणाला की रोडगे पडतात, तो "उलथा" म्हणाला की उलथतात. मग गरम राखेत पुरून ठेवायचे. बाहेर काढून फडक्यात झटकायचे, मुठीने फोडायचे, आत तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. खाऊन झाल्यावर त्याच आंब्याखाली आडवं व्हायचं, आणि राख तशीच राहते. पुढचा सगळा लेख या राखेबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

समजा, उद्या रोडग्यांसाठी परवाना निघाला. आपल्याकडे निघायला वेळ लागत नाही. अर्जात रकाने असतील: गोवरी गाईची की म्हशीची, वांगी कोणत्या वनपरिक्षेत्रातली, रोडग्यांची संख्या (अंकी व अक्षरी), धुराची दिशा, सोबत वाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र. अर्ज तीन प्रतींत. परवाना पावसाळ्यात मिळेल.

आता संध्याकाळी ताडोब्याकडे वळू. मोहर्ली आणि कोलारा दरवाजांच्या बाहेर रिसॉर्टांची रांग आहे. सफारीच्या जिप्सी परततात, पाहुण्यांच्या केसांतली धूळ धुतली जाते, आणि हिरवळीवर लोखंडी जाळीखाली कोळसे फुलतात. त्याला बार्बेक्यू म्हणतात. पलीकडे ओंडके रचून शेकोटी पेटते, तिला बोनफायर म्हणतात. हे सगळं खासगी जमिनीवर चालतं, तेव्हा कलम २६ तिथे पोचत नाही. कायद्याच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही, आणि हे सदरही ती करत नाही. फक्त नोंद करतं की विस्तव तोच, कोळसा तोच, रात्रही तीच. एकाकडे जमिनीचा सातबारा आहे आणि दुसऱ्याकडे नुसती भूक. रिसॉर्टच्या भिंतीपलीकडे ज्या घरात खरोखर चूल पेटलेली असते, त्या घरातली पोरगी भिंतीअलीकडे "चुलीवरचं जेवण" वाढत असते. हायवेवरच्या धाब्यांवर तर "चुलीवरचं मटण" ही पाटी जीएसटीच्या नंबरापेक्षा मोठी असते.

चुलीऐवजी गॅस देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतूनही गॅस पोचला, सरपणाला जंगलात जावं लागू नये म्हणून. सिलिंडर आला. रिकामा झाल्यावर पुन्हा भरायचा कशातून, हा प्रश्न त्याच्यासोबत आला. पुष्कळ घरांत तो आता कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच्यावर टोपली छान बसते.

धुराचं कौतुक दूरदेशीही आहे. अमेरिकेत घरामागच्या अंगणात स्मोकर नावाचं यंत्र ठेवायची हौस आहे. लोखंडी पिंपासारख्या डब्यात लाकूड धुमसत ठेवायचं आणि दहा-बारा तास मांस धुरावर शिजू द्यायचं. तिथल्या अग्निसुरक्षा संहितेत त्यासाठी साधा नियम आहे: कोळशाची शेगडी जळाऊ बांधकामापासून दहा फुटांच्या आत पेटवायची नाही. एका-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना यातून सूट. आता हा नियम गडचिरोलीतल्या भामरागडला लावून बघा. तिथल्या माडिया आदिवासींचं घर लाकडाचं आणि कुडाचं. चूल घरात. चुलीवर माळा. त्या माळ्यावर नदीतले मासे धुरावर सुकत असतात आणि बियाण्याची कणसं टांगलेली असतात, धुराने कीड लागत नाही म्हणून. म्हणजे अख्खं घर हाच स्मोकर. दहा फुटांचा नियम पाळायचा तर माणसाला घराबाहेर राहावं लागेल. अमेरिकन माणूस ज्या चवीसाठी पैसे मोजून पिंप विकत घेतो, ती इथे छपराला फुकट लागलेली असते.

इथे परसाला सांदवाडी म्हणतात. सांदवाडीत वापरायच्या भांड्यांसाठीही महाराष्ट्रात कायदा आहे, आणि तो अमेरिकेपेक्षा बारकाईचा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम ६५ सांगतं, की दारू गाळण्यासाठी साहित्य, भट्टी, भांडी, अवजारं किंवा कसलीही साधनं वापरणं, ठेवणं वा बाळगणं हा गुन्हा. खाली मोहाचा सडवा भरलेली हंडी, वर गार पाण्याचं भांडं, मधे वाफ. एवढंच यंत्र. पंचनाम्यात याच हंडीला मुद्देमाल म्हणतात. तीच हंडी काल तुरीच्या वरणाची होती, हे सिद्ध करायला वरण शिल्लक असावं लागतं.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे लोकांची, विशेषतः बायांची, मोठी चळवळ होती आणि ती थट्टेचा विषय नाही. थट्टा केली ती नदीने. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली आणि २७ मे २०२१ ला ती उठवायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. त्यामुळे दोन जिल्ह्यांमधल्या वैनगंगेचा पूल ओलांडताना माणसाचा गुन्हा कधी अर्ध्यात सुरू होतो, कधी अर्ध्यात संपतो. मडक्याला मात्र दोन्ही काठांवर सारखा न्याय. बंदी उठली ती सीलबंद बाटलीची. हातभट्टी पूर्वी जिथे होती तिथेच, झुडपाआड. त्याच २०२१ मध्ये सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध काढले. फुलं ठेवा, भांडी ठेवा, पण त्यांची भेट घडवू नका, असा हा व्यवहार आहे. जुन्या नाटकात नायक-नायिकेला असंच वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचे.

इतकं सगळं चुलीपाशी चाललेलं असताना वरून उपग्रह बघत असतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे थेट वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते. महाराष्ट्रात हे इशारे सर्वांत जास्त येणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली वर्षानुवर्षं आघाडीवर. ज्या यंत्राने या आगी दिसतात, त्याच्या एका ठिपक्याची बाजू ३७५ मीटर. त्या ठिपक्यात एक टेकडी मावते आणि तिच्या पायथ्याचं गावही मावतं. इशारा आला की वनरक्षक निघतो. पाठीवर असला तर ब्लोअर, नसला तर हातात हिरव्या पाल्याचा झोडा. उपग्रह आकाशात कोट्यवधी रुपयांचा आणि आग जमिनीवर पाल्याने झोडपायची. मधलं अंतर पायी.

आता धुराचीच गोष्ट निघाली आहे, तर चंद्रपुरातल्या सगळ्यांत मोठ्या चुलीला वगळणं बरं दिसणार नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आलं. दहावीला एवढे मिळाले असते तर चौकात फलक लागला असता. चिमण्यांतून निघणाऱ्या गंधकाचं प्रमाण कमी करायला यंत्रणा बसवा, असं केंद्राने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत सांगितलं. मुदत दोन वर्षांची. ती वाढली, मग पुन्हा वाढली, मग वाढवायची सवय लागली. ११ जुलै २०२५ ला नवी अधिसूचना आली आणि देशातल्या सुमारे ७८ टक्के कोळसा संचांना या यंत्रणेतूनच मोकळीक मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित पट्ट्यांतल्या संचांचा विचार मात्र एकेक प्रकरण पाहून करायचा आहे. वाऱ्याने तोवर थांबावं.

याच सुमारास मुंबईत तंदूर पेटला होता. उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर महापालिकेने कोळसा-लाकडावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं आणि तारीख दिली ८ जुलै. तंदूर रोटीला ८ जुलै आणि बहुतेक चिमण्यांना ११ जुलै. एकीला मुदत, दुसऱ्यांना सूट, मधे तीन दिवस. आता हा तंदूर विजेवर चालवायचा तर वीज कुठली? चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून उभी आहे, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. म्हणजे मुंबईच्या रोटीचा धूर बंद होणार नाही, तो फक्त माहेरी पाठवला जाईल. चंद्रपूरकराने खोकताना तेवढं समाधान मानावं, की आपण कोणाची तरी बटर नान भाजतो आहोत.

इथे कोणाला वाटेल, की मग चुलीवाल्यांची काही चूकच नाही. आहे, आणि ती लहान नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे गळतो. फिकट पिवळसर फूल वाळल्या पाल्यात दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करायची रीत आहे. एक काडी, पाच मिनिटं, काम झालं. वारा नसला तर खरंच झालं. वारा असला की तोच इस्तो पुढच्या सागवानात शिरतो, बांबूच्या बेटात फटाके वाजायला लागतात, आणि सांजेपर्यंत अख्खी पहाडी लाल दिसते. तेंदूचंही तसंच. झुडपांना कोवळी पालवी जास्त फुटावी म्हणून आधी छाटायचं आणि पुष्कळदा जाळायचंही. सत्तर पानांचा एक पुडा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, शेकड्याचा हिशेब, आणि वर्षाची रोकड त्या पंधरा-वीस दिवसांत. तेवढ्यासाठी बाया पहाटे अंधारात जंगलात शिरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. यावर विनोद होत नाही.

कलम २६ शंभर वर्षांचं व्हायला आलं आणि पाला अजून जळतो आहे. कायदा कमी पडला, की अजून एक कायदा करावा ही आपली रीत. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने वेगळं केलं. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बसली, नियम लिहायला घेतले, आणि त्यात एक ठरलं: तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारण तोडायचा म्हटला की छाटणी आली, जाळणी आली, आणि शेवटी ते पान विड्यांत जाणार. हातात येणारी रोकड गावाने आपणहून सोडली आणि बांबूवर भर दिला. कोणी साहेब आला नाही, उपग्रह फिरवला नाही, दंडाची पावती फाडली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ने तर "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा पाचगावच्याही फार आधी दिली होती. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथे निर्णय एकमतानेच होतात. एकटा म्हातारा "नाही" म्हणाला तरी बैठक पुन्हा बसते. आरेपाशी बसणारा म्हातारा तो हाच असावा, असा या सदराचा संशय आहे.

सरकारला पाचगावचा नियम पाठ्यपुस्तकात घ्यायला आवडेल. लागू करायला आवडेल का, हे विचारून पाहायला हवं; कारण तिथे परवाना देणारा आणि मागणारा एकच असतो, आणि मग अर्जाच्या तीन प्रती ठेवायच्या कोणी?

तेव्हा वाचकहो, रोडगे करायचे असतील तर १५ फेब्रुवारीच्या आत उरकून घ्या. ते जमलंच नाही, तर जंगलाच्या काठाचा आंबा सोडा, नांगरलेलं वावर पाहा, भोवतीचा पाला हातभर नव्हे, चांगला दहा फूट झाडून काढा. अमेरिकेचा तेवढा नियम घ्यायला हरकत नाही. गोवऱ्या पेटवण्याआधी बादली भरून ठेवा. आणि जेवण झाल्यावर आडवं होण्याआधी राखेवर पाणी ओतून, काडीने उकरून, वर उपडा हात धरून पाहा. ऊब लागली तर अजून एक बादली ओता.